माझा कॉम्प्युटर रात्रभर प्रोटीनच्या घड्या घालतो म्हणे, पण म्हणजे नक्की काय करतो?

रिकामा_प्रोसेसर (धागाकर्ता)

मंडळी, गेली दोन वर्षं रोज रात्री मी झोपतो आणि माझा कॉम्प्युटर कामाला लागतो. फोल्डिंग ॲट होम हे नाव इथे बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा. तो सर्व्हरकडून कामाचा एक तुकडा आणतो, त्याला वर्क युनिट म्हणतात. ग्राफिक्स कार्डावर तो सोडवायचा, उत्तर परत पाठवायचं आणि पुढचा तुकडा आणायचा. बदल्यात पॉइंट्स मिळतात. त्या पॉइंट्सचं काहीही होत नाही, तरी मी सकाळी दात घासायच्या आधी ते बघतो.

परवा भाचीने विचारलं, "मामा, हे करतं काय?" मी ऐटीत म्हटलं, "प्रोटीनची घडी कशी पडते त्याचं भाकीत." तिचा पुढचा प्रश्न, "मग आतापर्यंत किती प्रोटीनं झाली?" माझी बोलती बंद. म्हणून थोडं वाचलं. जे समजलं ते लिहितो, चुकलो तर कान धरा.

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे, आणि ते कोणत्या क्रमाने ओवायचे हे जनुकात लिहिलेलं. माळ तयार झाली की ती आपोआप दुमडून एका ठरावीक आकारात बसते आणि त्या आकारावरच तिचं काम अवलंबून असतं. क्रिश्चन ॲनफिन्सेन यांनी रायबोन्युक्लिएज नावाचं प्रोटीन रसायनं वापरून पार उलगडलं, मग ती रसायनं काढून घेतली, तर ते पुन्हा पहिल्यासारखं दुमडलं आणि कामही करू लागलं. म्हणजे आकाराची सगळी माहिती माळेतच असते. त्यांना १९७२ चं नोबेल मिळालं.

मग अडचण कुठे आहे? सायरस लेव्हिन्थॉल यांनी १९६९ मध्ये मांडलेला हिशोब बघा. १०० मण्यांची माळ घ्या. प्रत्येक मणी फक्त तीन प्रकारे वळू शकतो असं धरलं तरी एकूण आकार होतात ३ चा १०० वा घात, म्हणजे ५ वर ४७ शून्यं. सेकंदाला दहा लाख कोटी आकार तपासले तरी विश्वाचं वय पुरणार नाही. प्रत्यक्षात प्रोटीन मात्र काही मायक्रोसेकंदांत ते काही सेकंदांत दुमडून मोकळं होतं. म्हणजे ते सगळे आकार तपासत बसत नाही, त्याला वाट ठाऊक असते. ती वाट शोधायला एका संगणकाची ताकद पुरत नाही, म्हणून आपल्यासारख्यांची मशिनं. रात्री माझ्या मशीनवर एक प्रोटीन पूर्ण दुमडतं आणि त्याचा अंतिम आकार सर्व्हरला जातो. बरोबर ना?

---

क्षितिजरेषा

शेवटच्या वाक्यापर्यंत बरोबर. शेवटचं वाक्य साफ चूक. :)

रागावू नका, हा गैरसमज जवळजवळ सगळ्यांचा असतो. मी पीएचडीची पाच वर्षं हेच केलं, मॉलिक्युलर डायनॅमिक्स, त्यामुळे जरा लांब लिहिते.

तुमच्या मशीनवर आजवर एकही प्रोटीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत दुमडलेलं नसणार. तुमचं कार्ड जे करतं ते असं: प्रोटीनचा प्रत्येक अणू आणि त्याच्या भोवतीचं पाणी, मिळून हजारो ते लाखो अणू. प्रत्येक अणूवर बाकीच्यांचं किती बल आहे ते काढायचं. बंधांचा ताण, विद्युतभारांची ओढाताण, फार जवळ आल्यावर होणारी ढकलाढकल. मग न्यूटनच्या नियमाने प्रत्येक अणू किंचित पुढे सरकवायचा. पुन्हा बलं काढायची. पुन्हा सरकवायचं.

'किंचित' म्हणजे किती? एका पावलात २ फेम्टोसेकंद, काही युक्त्या वापरून ४. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. याहून मोठं पाऊल टाकता येत नाही, कारण हायड्रोजनचा अणू साधारण १० फेम्टोसेकंदांत एक हेलकावा पूर्ण करतो. पाऊल लांब पडलं तर अणू एकमेकांच्या अंगावर जातात आणि सगळं गणित फुटतं.

आता भागाकार करा. एक मायक्रोसेकंद बघायचा तर २ फेम्टोसेकंदांची ५० कोटी पावलं. एक मिलिसेकंद बघायचा तर ५० हजार कोटी. आणि पावलं एकामागून एकच टाकावी लागतात, आधीचं पडल्याशिवाय पुढचं नाही. हे काम दहा जणांत वाटून दहापट वेगात होत नाही.

---

शंकेखोर

मग लाखो मशिनं घेऊन करता काय? नऊ बायका मिळून एका महिन्यात मूल होत नाही, तसंच झालं की हे.

---

गणितवाल्या_बाई

शंकेखोर, उपमा चपखल आहे, पण इथे थोडी फसवी आहे. मी निवृत्त गणित शिक्षिका, प्रोटीनमधलं मला काही कळत नाही. पण संभाव्यता शिकवत आले आहे, म्हणून एक प्रश्न विचारते. प्रोटीन दुमडण्यात बराचसा वेळ 'वाट बघण्यात' जातो की 'प्रत्यक्ष दुमडण्यात'?

वाट बघण्यात जात असेल तर गोष्ट वेगळी. हजार बाजूंचा फासा आहे आणि त्यावर एकच ठरावीक आकडा पडायला हवा असं धरा. एकटा माणूस सरासरी हजार वेळा टाकेल. पण हजार माणसांनी एकेकदा टाकला, तर त्यातल्या एकाला तरी तो आकडा पडण्याची शक्यता ६३ टक्के. फाशाला आठवण नसते, त्यामुळे फेका एकाने टाकल्या की हजारांनी याने फरक पडत नाही.

---

क्षितिजरेषा

बाई, तुम्ही फोल्डिंग ॲट होमचं बीज दोन परिच्छेदांत सांगितलंत. विजय पांडे यांनी २००० साली स्टॅनफर्डमध्ये प्रकल्प सुरू केला तो याच कल्पनेवर.

लहान प्रोटीनं बहुतेक वेळ उलगडलेल्या अवस्थेत नुसती चाळवाचाळव करत असतात. मधे ऊर्जेचा एक उंबरठा असतो. अणूंचे धक्के योगायोगाने जुळून आले की तो ओलांडला जातो आणि मग बाकीचं झरकन होतं. समजा, एखाद्या प्रोटीनला दुमडायला सरासरी १० मायक्रोसेकंद लागतात. मी २०-२० नॅनोसेकंदांची (एका मायक्रोसेकंदाचे हजार नॅनोसेकंद) १० हजार स्वतंत्र सिम्युलेशन्स वाटली. प्रत्येकात दुमडण्याची शक्यता २० भागिले १० हजार, म्हणजे ०.००२. दहा हजारांत साधारण २० ठिकाणी प्रोटीन दुमडलेलं दिसेल. बाकी ९,९८० जणांना 'काहीच झालं नाही' असं उत्तर मिळेल. पण ते ९,९८० नसतील तर त्या २० ला काही अर्थ नाही, कारण दर काढायला छेद लागतो.

२००२ मध्ये त्यांनी २३ अमिनो आम्लांच्या बीबीए-५ नावाच्या छोट्या रेणूवर हे करून दाखवलं. सिम्युलेशनने दुमडण्याचा वेळ आला सुमारे ६ मायक्रोसेकंद, प्रयोगशाळेत लेझर वापरून मोजला तो सुमारे साडेसात. प्रयोगाची त्रुटी धरली तर दोन्ही जुळतात.

---

रिकामा_प्रोसेसर

म्हणजे मी दोन वर्षं ९,९८० मध्ये होतो. भाचीला काय सांगू आता?

---

तापलेला_पंखा

सांगा, मामा छेद आहे.

---

गणितवाल्या_बाई

मला एक शंका छळते आहे. फाशाची फेक क्षणात होते. उंबरठा ओलांडायला मात्र थोडा का होईना वेळ लागत असणार. वीस नॅनोसेकंदांत जे दुमडले ते नेहमीच्या वाटेने गेले की नेमके आडवाटेने लवकर पोचणारे तेवढेच आपल्याला दिसले? पहिल्या पाच मिनिटांत पेपर देऊन जाणाऱ्या मुलांवरून अख्ख्या वर्गाचा अंदाज बांधण्यासारखं होईल हे.

---

क्षितिजरेषा

हाच आक्षेप ॲलन फर्श्ट यांनी २००२ मध्येच घेतला होता. प्रोटीन फोल्डिंगच्या प्रयोगांतलं फार मोठं नाव. त्यांचं म्हणणं असं की आखूड सिम्युलेशन्समध्ये लवकर दुमडणारे दिसतात ते प्रातिनिधिक असतीलच असं नाही, विशेषतः वाटेत मधले टप्पे असतील तेव्हा. आक्षेप योग्यच होता. नुसतं 'किती दुमडले ते मोजा' ही पद्धत अगदी लहान आणि चपळ रेणूंपुरतीच चालते.

त्यातून जे बाहेर आलं ते मला जास्त आवडतं: मार्कोव्ह स्टेट मॉडेल. सापशिडी डोळ्यासमोर आणा. २३ व्या घरात असाल तर पुढे कुठे जाल हे त्या घरावर आणि फाशावर ठरतं, २३ पर्यंत कसे आलात त्यावर नाही. आता पट हरवलाय असं समजा. हातात आहेत फक्त हजारो चिठ्ठ्या: '२३ वरून २७ ला गेलो', '४१ वरून ९ वर घसरलो'. एकाही चिठ्ठीत पूर्ण खेळ नाही. पण चिठ्ठ्या पुरेशा असतील तर पट पुन्हा काढता येतो. मग १ वरून १०० ला पोचायला सरासरी किती फेका लागतील हे काढता येतं, आणि बहुतेक जण कोणत्या सापाच्या तोंडी जातात तेही.

तुमचं वर्क युनिट म्हणजे तशी एक चिठ्ठी. 'घर' म्हणजे प्रोटीनच्या एकमेकींशी मिळत्याजुळत्या ठेवणींचा गट. कोणीही पूर्ण प्रवास बघायची गरज नाही, प्रत्येक टप्पा कोणीतरी बघितलेला हवा. शिवाय ज्या घरांच्या चिठ्ठ्या कमी आल्या आहेत तिथून मुद्दाम नवी सिम्युलेशन्स सुरू करता येतात, म्हणजे गर्दीच्या घरांवर मेहनत वाया जात नाही. २०१० मध्ये या पद्धतीने एनटीएल-९ या प्रोटीनच्या ३९ अमिनो आम्लांच्या तुकड्याचं फोल्डिंग मांडलं गेलं, दीड मिलिसेकंदाच्या पट्ट्यातलं. आठ वर्षांपूर्वीच्या सहा मायक्रोसेकंदांशी तुलना करा.

अर्थात घरं कशी आखायची यावर सगळं अवलंबून आहे. दोन वेगळ्या ठेवणी चुकून एकाच घरात घातल्या तर 'आठवण नाही' हे गृहीतकच मोडतं. माझ्या पीएचडीचं दीड वर्ष घरं आखण्यात आणि पुसण्यात गेलं, त्याबद्दल पुन्हा कधीतरी, शांत डोक्याने.

---

निळा_पडदा

वाचतोय, मस्त चाललंय. मी दुसऱ्या गोटातला, रोझेटा ॲट होमवाला. २००५ पासून, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेचा प्रकल्प. बॉइंक या व्यासपीठावर चालतो, तेच जे परग्रहावरच्या संदेशांचा शोध घेणाऱ्या सेटी ॲट होमसाठी बर्कलीत उभं राहिलं होतं.

तिथलं काम वरच्या वर्णनाहून अगदी वेगळं आहे, आणि धाग्यात दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून लिहितो. रोझेटाला वाटेशी देणंघेणं नाही, मुक्काम हवा. न्यूटन नाही, फेम्टोसेकंद नाहीत. आधी माहीत असलेल्या प्रोटीनांमधून ३ आणि ९ अमिनो आम्लांचे छोटे तुकडे उचलायचे, ते आपल्या माळेत इथे तिथे बसवून बघायचे आणि ऊर्जा कमी झाली तर ठेवायचे. वाढली तरी कधीमधी ठेवायचे, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात अडकून पडाल. आधी ढोबळ आकार, मग एकेक अणू मांडून बारीक दुरुस्ती. असं प्रत्येक मशीन वेगळ्या यादृच्छिक सुरुवातीपासून करतं आणि सगळीकडून मिळून हजारो, कधी लाखो आकार जमतात. त्यातले सगळ्यात कमी ऊर्जेचे आकार एकमेकांसारखे दिसायला लागले की समजायचं, उत्तर जवळ आहे. सगळे चार दिशांना पांगलेले असतील तर उत्तर नाही.

तेव्हा स्क्रीनसेव्हरवर ती माळ तडफडताना दिसायची. लोक तासन्‌तास बघत बसायचे आणि वैतागायचे, "अरे, तो डावीकडचा पट्टा आत घे ना, मला दिसतंय, तुला दिसत नाही?" त्या वैतागातूनच २००८ मध्ये फोल्डइट हा खेळ आला. त्यात घडी माणसंच घालतात. माकडांमध्ये एड्ससारखा रोग करणाऱ्या एका विषाणूच्या एन्झाइमची रचना दहाएक वर्षं शास्त्रज्ञांना सुटत नव्हती. २०११ मध्ये खेळाडूंनी काही आठवड्यांत असा आकार दिला की त्यावरून ती सोडवता आली. त्यातल्या बहुतेकांचा जीवरसायनशास्त्राशी काडीचा संबंध नव्हता.

---

तापलेला_पंखा

भाबडा प्रश्न: कोणी खोटी उत्तरं पाठवली तर? पॉइंट्ससाठी लोक काय काय करतात हे मी जवळून पाहिलंय (आरशात).

---

निळा_पडदा

बॉइंकच्या पुष्कळ प्रकल्पांत एकच काम दोन वेगळ्या मशिनांना देतात आणि उत्तरं जुळली तरच पॉइंट्स मिळतात. रोझेटाला त्याची तितकी गरज नसते, कारण आकार शोधणं कठीण असलं तरी मिळालेल्या आकाराची ऊर्जा पुन्हा मोजणं एका झटक्यात होतं. कुलूप उघडायला वेळ लागतो, उघडलंय की नाही हे बघायला लागत नाही.

---

क्षितिजरेषा

आणि डायनॅमिक्समध्ये तर दोन प्रामाणिक मशिनांचीही उत्तरं तंतोतंत जुळत नाहीत. दशांशाच्या बाराव्या स्थळी फरक पडला तरी काही पिकोसेकंदांत अणूंच्या वाटा वेगळ्या होतात. त्यामुळे 'जुळवून बघा' हा उपायच बाद. तिथे ऊर्जा, तापमान ताळ्यावर आहेत का, हे तपासतात. आणि आकडेवारीचा फायदा असा की एका चुकीच्या चिठ्ठीने पट बिघडत नाही.

---

तापलेला_पंखा

ताळ्यावरून आठवलं. मी हौसेने कार्ड ओव्हरक्लॉक केलं होतं. गेम्स झकास चालायचे. फोल्डिंग लावलं की मात्र तासाभरात लाल अक्षरांत 'कणाचा निर्देशांक संख्या नाही' या अर्थाचा एरर आणि वर्क युनिट बाद. मी आठवडाभर फोरमवर प्रकल्पाच्या नावाने खडे फोडले. शेवटी एकाने विचारलं, "घड्याळाचा वेग वाढवलायस का?" गेममध्ये एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा आला तर डोळ्याला कळत नाही. इथे एक बल चुकलं की अणू नको तिथे जातो, पुढच्या पावलाला बल अफाट होतं, त्याच्या पुढच्याला आकडाच उरत नाही. वेग मूळपदावर आणला, तेव्हापासून एकही युनिट पडलेलं नाही. खडे परत घेतले.

---

शंकेखोर

सगळं वाचलं. आता मूळ मुद्द्यावर येतो. प्रोटीनांचे आकार ओळखायच्या २०२० च्या कॅस्प स्पर्धेत गूगल डीपमाइंडच्या अल्फाफोल्ड-२ या एआय प्रोग्रॅमने बाकी सगळ्यांना कोसभर मागे टाकलं. २०२२ मध्ये त्यांनी २० कोटींहून अधिक प्रोटीनांचे आकार फुकट वाटले. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल अर्धं बेकर यांना, अर्धं अल्फाफोल्डवाल्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना. प्रश्न सुटला, बक्षीस समारंभ झाला, खुर्च्या उचलल्या. तुम्ही अजून रात्रभर पंखे का फिरवताय?

---

क्षितिजरेषा

या प्रश्नाची वाटच बघत होते.

निळा_पडदा यांनी वाट आणि मुक्काम असा फरक केला, तो इथे कामाला येतो. अल्फाफोल्डने मुक्कामाचा प्रश्न, एकेकट्या प्रोटीनपुरता, बराचसा सोडवला यात वादच नाही. रोझेटाचं जुनं काम, म्हणजे माळ घ्या आणि आकार सांगा, ते आता घरोघरच्या मशिनांवर करण्यात फारसा राम नाही. बेकर यांना नोबेल मिळालं तेही नव्या प्रोटीनांची रचना केल्याबद्दल, आकार ओळखल्याबद्दल नाही. इथपर्यंत तुमचं म्हणणं मान्य.

पण अल्फाफोल्ड शिकलं कशावरून? प्रोटीन डेटा बँकेतल्या रचनांवरून, म्हणजे दशकानुदशकं स्फटिकं करून, क्ष-किरणं टाकून गोळा केलेल्या स्थिर चित्रांवरून, आणि जोडीला उत्क्रांतीत सारखे राहिलेले क्रम. त्यामुळे ते देतं तेही स्थिर चित्र. माळ त्या आकारात कोणत्या क्रमाने पोचली हे ते सांगत नाही. आणि तिथे पोचल्यावर प्रोटीन गप्प बसतं का? मुळीच नाही. ते उघडझाप करतं, थरथरतं, मधूनच एखादी फट दाखवतं आणि मिटतं.

या फटींची गोष्ट सांगते. इबोलाच्या विषाणूत व्हीपी-३५ नावाचं प्रोटीन आहे. ते विषाणूचा आरएनए झाकून ठेवतं, म्हणून आपल्या शरीराला विषाणूचा सुगावा लागत नाही. स्फटिकातल्या रचनेत औषधाचा रेणू बसेल अशी जागाच दिसत नाही, त्यामुळे औषधासाठी निरुपयोगी समजलं जायचं. ग्रेगरी बोमन यांच्या गटाने, म्हणजे आज फोल्डिंग ॲट होम ज्यांच्या नेतृत्वाखाली चालतं त्यांच्याच, सिम्युलेशनमध्ये पाहिलं की एक कप्पा मधूनच उघडतो. मग प्रयोग करून तो खरंच उघडतो हे दाखवलं, आणि त्याचा आरएनए धरण्याशी संबंध आहे हेही. २०२२ चं काम आहे. स्थिर फोटोत मिटलेली मूठ दिसते. ती उघडते का आणि किती वेळ उघडी राहते, हे कळायला हालचालच बघावी लागते.

---

निळा_पडदा

कोव्हिडचं पण लिहा की. तेव्हा तर नुसता पूर आला होता.

---

क्षितिजरेषा

हो. २०२० च्या सुरुवातीला प्रकल्पावर साधारण ३० हजार मशिनं होती. काही आठवड्यांत ती दहा लाखांपलीकडे गेली. एकूण वेग एक एक्साफ्लॉपच्या वर, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडी. तोवर जगात कुठल्याच महासंगणकाने तो टप्पा गाठला नव्हता. गंमत अशी की सर्व्हरच कोलमडले. लोक मशिनं घेऊन दारात उभे आणि वाटायला काम नाही.

त्यातून विषाणूच्या प्रोटीनांचं एकूण ०.१ सेकंदाचं सिम्युलेशन जमलं. शून्य पूर्णांक एक सेकंद वाचून हसू येईल, पण वरचा भागाकार आठवा. स्पाइक प्रोटीन पेशीला चिकटण्याआधी किती 'आ' वासतं ते त्यात दिसलं, आणि वेगवेगळ्या प्रोटीनांत मिळून ५० हून अधिक लपलेले कप्पे सापडले. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यातून लगेच गोळी निघाली असं मात्र कोणी समजू नका. कप्पा सापडणं आणि त्यात बसणारं सुरक्षित औषध मिळणं यात वर्षं जातात, आणि बरेच कप्पे तसेच पडून राहतात.

---

शंकेखोर

ठीक, अर्धा पटलो. उरलेला अर्धा विजेचा. 'रिकाम्या वेळेचा सदुपयोग' असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण रिकामा वेळ फुकट नसतो. २०० वॉटचं कार्ड दिवसभर चाललं तर जवळजवळ पाच युनिट वीज. हे दान आहे, टाकाऊतून टिकाऊ नाही, आणि ते दान म्हणून सांगावं.

---

तापलेला_पंखा

शंभर टक्के सहमत. पंचवीसेक वर्षांपूर्वीचे प्रोसेसर रिकामे असतानाही बऱ्यापैकी वीज खायचे, तेव्हा ते वाक्य खपून जायचं. आताचे रिकामे असले की अंग चोरून बसतात. मी कार्डाची वीजमर्यादा ६५ टक्क्यांवर आणली आहे. काम थोडं मंदावतं, वीज मात्र बरीच वाचते, आणि पंख्याचा आवाज झोपेत येत नाही. लॅपटॉपवर तर मी कोणालाच सुचवणार नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगून तळ वर आला होता.

---

रिकामा_प्रोसेसर

मी पण एक कबुली देऊन टाकतो. मागे गावाला जाताना नुकतंच एक युनिट उतरलं होतं, मी मशीन बंद करून चार दिवस गायब. आल्यावर पूर्ण केलं, तर पॉइंट्स जवळजवळ शून्य. तेव्हा चिडलो होतो. काम तेवढंच केलं ना मी?

---

क्षितिजरेषा

काम तेवढंच, पण तुमच्यामागे रांग होती. प्रत्येक युनिटला चार आकडे असतात: प्रोजेक्ट, रन, क्लोन, जेन. रन म्हणजे सुरुवातीची ठेवण. क्लोन म्हणजे ठेवण तीच, पण अणूंना सुरुवातीचे वेग वेगळे दिलेले. जेन म्हणजे पिढी, आणि पिढ्या एकामागून एक असतात. तुम्ही जिथे थांबता तिथून पुढचा माणूस सुरू करतो. तुम्ही युनिट दाबून बसलात की तो धागा तिथेच अडतो, मुदत उलटली की सर्व्हर तेच काम दुसऱ्याला देतो. लवकर परत करणाऱ्याला जास्त पॉइंट्स देतात ते यासाठी.

---

वाचनमात्र

नमस्कार. सहा वर्षं फक्त वाचतोय, हा माझा पहिला प्रतिसाद. हा धागा वाचून काल रात्री प्रोग्रॅम टाकला. लॉगमध्ये '२५,००,००० पैकी ५०,००० स्टेप्स पूर्ण, २%' असं काहीतरी येतंय. रन १४, क्लोन ३, जेन २१२. हे बरोबर चाललंय का? आणि यात खऱ्या वेळेचे किती होतील?

---

गणितवाल्या_बाई

हे मी सांगते, मला जमेल. पाऊल ४ फेम्टोसेकंदांचं धरलं तर २५ लाख गुणिले ४, म्हणजे एक कोटी फेम्टोसेकंद. दहा नॅनोसेकंद. बरोबर ना क्षितिजरेषा?

---

क्षितिजरेषा

बरोबर. पाऊल आणि युनिटची लांबी प्रोजेक्टप्रमाणे बदलते, पण साधारण असंच. आणि पिढ्या शून्यापासून मोजतात, म्हणजे जेन २१२ च्या आधी २१२ तुकडे होऊन गेलेत. दोन मायक्रोसेकंदांच्या वर झालंय ते.

---

वाचनमात्र

म्हणजे माझ्याआधी २१२ जणांनी हाच रेणू हातातून हातात दिलाय?

---

क्षितिजरेषा

काहींनी दोनदा तीनदा दिला असेल, पण हो. त्यांच्यातल्या शेवटच्याने अणू जिथे सोडले, तिथूनच तुमचे सुरू झालेत. अगदी त्याच जागा, त्याच वेगांनी.

---

वाचनमात्र

६१ टक्के झालंय. मधेच लाईट गेली तर पहिल्यापासून का?

---

तापलेला_पंखा

नाही, थोड्या थोड्या वेळाने चेकपॉइंट लिहितो तो, तिथून उचलेल. फक्त चार दिवस गावाला जाऊ नका. मामा गेले होते.

---

वाचनमात्र

गेलं. जेन २१३ कोणाला आलं असेल?